बोरदेवीचं शून्य

१

"कानबाई बसनी नई, तवयपासून मना गुडघा असा कुरकुर करस," म्हातारी शेजारणीला सांगत होती. काळीपिवळी जीपच्या त्या बाकड्यावर आम्ही पाचजणी कोंबलेल्या होतो. त्यामुळे तिची कुरकुर माझ्या कानात होती आणि तो गुडघा माझ्या मांडीत.

"डॉक्टरले दाखाड ना, बेबाबाई."

"डॉक्टर काय करी? सव्वा सव्वा मूठ मोजीसन गहू ठेयेल व्हता. त्याले सोंडे लागनात, तरी रोट काही व्हयनात नई."

ज्यांनी खान्देशातला श्रावण पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरात कानबाई बसते. त्याआधी भाऊबंद एकत्र येतात आणि माणसागणिक सव्वा मूठ गहू घेतात. त्याचेच रोट. म्हणजे आमच्याकडे प्रत्येक कुळाची जनगणना दरवर्षी होते आणि ती गव्हानं होते. तिच्यात चूक सापडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

सरकारच्या मोजणीबद्दल असं म्हणता येत नाही. मी त्या मोजणीतलीच. धुळ्याच्या एका कचेरीत सर्वेक्षणाची पर्यवेक्षक, कंत्राटी, अकरा वर्षं. आकड्यांचं शास्त्र कुठे शिकले नाही. दहावीनंतर लग्न, लग्नानंतर टायपिंग. तक्ते टाइप करता करता कळलं, की खोटा आकडा आणि खोटं बोलणारा माणूस दोघंही जरा जास्तच गुळगुळीत असतात.

मांडीवरच्या पिशवीत बोरदेवी गावाचे फॉर्म होते. निळसर कागदाचे, घरागणिक एक. हवेत साठ. होते एकोणसाठ. एकतिसावा गायब.

फॉर्म भरणारा कुंदन पस्तिशीचा, गृहस्थ माणूस. "मॅडम, एकतीस नंबरच्या घराला कुलूप होतं. तीन वेळा गेलो," तो सकाळी म्हणाला होता.

"मग 'घर बंद' असं लिहिलेला फॉर्म कुठंय?"

बंद घराचाही फॉर्म आणायचा असतो, हे त्याला माझ्याइतकंच माहीत. तो नुसताच कान खाजवत राहिला.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण शुक्रवारी बैठक होती. बोरदेवीच्या उपकेंद्रात उभी असते ती रुग्णवाहिका तिथेच ठेवायची, की एकोणीस किलोमीटरवर सोनगीरला हायवेवर हलवायची, ते या आकड्यांवरून ठरणार होतं. तक्त्यात बोरदेवीसमोर लिहिलं होतं : बाळंतपणातले मृत्यू, तीन वर्षांत शून्य. शून्यासाठी गाडी कशाला अडकवायची, असं साहेब म्हणत होते आणि कागदावर त्यांचं काही चुकत नव्हतं. आज बुधवार.

बोरदेवीला उतरले, नंबर बघत बघत एकतिसाव्या घरापाशी पोचले आणि थबकले.

दार म्हणजे तारेनं बांधलेला पत्रा होता. या घराला कुलूप कसलं लागतंय? कडीकोयंडाच नव्हता.

२

ओट्यावर एक ठेंगणी बाई सातेक महिन्यांच्या बाळाला वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजत होती. ती पुष्पाबाई. जवळ एक पोटुशी पोरगी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. ती धाकटी लेक, रूपाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. आणि आमच्याकडे पाठ करून दोर वळत बसलेले ते घरधनी, भाईदास आबा.

"बाळ कुणाचं?" मी विचारलं.

"मनं," पुष्पाबाई म्हणाल्या.

"वय काय तुमचं, ताई?"

"सत्तेचाळीस व्हई." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनीच पुढे जोडलं, "देवनी दिन्हं. त्याले काय वयना दाखला लागस?"

बोलणं तयार होतं. सात महिने हेच वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

मी फॉर्मचं विचारलं. "आठे कोनी उनं नई," त्या म्हणाल्या. म्हणजे इथे कुणी आलंच नव्हतं. रूपालीनं तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि परत शेंगेत डोकं घातलं.

मी पाणी मागितलं. त्या निमित्तानं आत गेले. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, नवरी चांगली उंच, नवऱ्याच्या बरोबरीची. "ही कोण?"

"मोठी. दिपमाला," रूपाली मागून आली होती. बारावी शिकलेली, तिची भाषा शहराकडे झुकलेली. "तिकडे जळगावकडे दिली. नशिराबादच्या जवळ."

"बरी आहे ना?"

"पाणी थंड आहे ना, अक्का?" ती म्हणाली.

कोनाड्यात कानबाईची जागा रिकामी होती. तिथे फडक्यात बांधलेलं गव्हाचं गाठोडं. सोंडे बाहेर येऊन फिरायला लागले होते, पण त्याच्याखाली अंथरलेला निळा कागद तेवढा नवाकोरा. एवढं किडकं धान्य कोंबड्यांनाही टाकलं नव्हतं. मला वाटलं, देवाचं म्हणून असेल.

निघताना रूपाली दाराशी आली. "तीन आठवडे राहिलेत. सिस्टर म्हणतात, रक्त कमी आहे. गाडी राहील ना अक्का इथे?"

"शुक्रवारी ठरेल. तक्त्यात शून्य आहे, तर बहुतेक हलवतील."

ओट्यावर दोर वळणारे हात थांबले. भाईदास आबांनी मान मात्र वळवली नाही.

बाहेर पडले तेव्हा चौकटीकडे नजर गेली. खडूनं ३१ आणि त्याभोवती गोल. आमच्या कामात नुसता आकडा म्हणजे घर मोजलं, आणि गोल म्हणजे फॉर्म भरून झाला.

कुलूप खोटं, 'कोनी उनं नई' हेही खोटं. एकाच कागदासाठी दोन टोकांची दोन माणसं खोटं बोलत होती. आणि सकाळपर्यंत ती एकमेकांना ओळखतही नसावीत असं मी समजत होते.

३

उपकेंद्राच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं होतं : शून्य माता मृत्यू गाव. खाली सरपंचांचं नाव, झुलाल नाना. माझी चाहूल लागताच नाना स्वतःच हजर झाले.

"या मॅडम, या. फॉर्म हरवला म्हनतस? अहो, त्यात काय! कोरा द्या, मी बसल्या बसल्या सांगतो. गावातलं बठ्ठं तोंडपाठ शे माले."

"भाईदास आबांचं घरही?"

"ते तर पहिलं," नाना हसले. हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, वाटेत कुठेतरी उतरलं.

लताबाई सिस्टर वीस वर्षं या उपकेंद्रात. मनानं चांगली बाई. तिनं चहा मागवला, दोनदा साखर विचारली आणि मी गरोदर मातांची नोंदवही मागितल्यावर तिसऱ्यांदा विचारली.

सतरावी नोंद : पुष्पाबाई भाईदास, वय ४७. घरी प्रसूती, मुलगी, माता सुखरूप. नाव आणि वय काळ्या शाईत, आजूबाजूचं सगळं निळ्या. नावाच्या जागी कागद खरवडून पातळ झालेला.

"शाई संपली व्हती," लताबाई म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

मी बोट पुढे सरकवलं. वजन, रक्तदाब, उंची. उंचीपाशी बोट थांबलं. १६४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट.

मी स्वतः पाच फूट एक इंच. आयुष्यात मला खाली बघून बोलावं लागलेली मोठी माणसं मोजकीच आहेत, आणि पुष्पाबाई त्यांच्यातली एक. ओट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा त्या माझ्या हनुवटीला लागत होत्या.

"सिस्टर," मी वही मिटली, "पुष्पाबाई बाळंतपणात वीतभर वाढल्या होत्या का?"

नाना म्हणाले, "मोजपट्टी खराब व्हई." आणि दाराशी उभा असलेला गाडीचा ड्रायव्हर भटू निघून गेला.

४

मी त्याच्यामागे गेले. तो गाडीची काच पुसत होता. काच स्वच्छ होती.

"भटू भाऊ, लॉगबुक बघू."

"गेल्या सालचं काय बघतस, अक्का?"

मी कुठल्या सालचं ते सांगितलं नव्हतं.

वहीतली प्रसूतीची तारीख डोक्यात ठेवून श्रावणातलं पान काढलं. कानबाईचा रविवार, त्याच्या आदला शनिवार. गाडी धावली अडतीस किलोमीटर. रुग्ण : निरंक. एकोणीस जायला, एकोणीस यायला. गाडीच्या मीटरला खोटं लिहिता येत नाही, म्हणून आकडा खरा पडला होता. रुग्णाच्या रकान्यात तेवढं काही नाही.

"सोनगीरला काय होतं त्या दिवशी?"

"डिझेल भराले."

"डिझेल भरल्याची नोंद बुधवारची आहे."

भटू पुसतच राहिला. "माले दोन पोरी शेत, अक्का," दोन पोरींचा बाप एवढंच म्हणाला.

मग मी जळगावला फोन लावला. तिथे माझ्यासारखीच एक, जुनी ओळख. म्हटलं, नशिराबादच्या बाजूला दिपमाला नावाची सून, यादीत काय दिसतंय बघ. ती पाच मिनिटांत म्हणाली, "गरोदर होती. जूनमध्ये शेरा आहे, स्थलांतरित, माहेरी. पुढे काही नाही."

बोरदेवीच्या कुटुंब नोंदवहीतही तिचं नाव सापडलं. ऑगस्टचा शेरा : स्थलांतरित, सासरी.

म्हणजे ही बाई सात महिने दोन जिल्ह्यांच्या मधेच कुठेतरी चालत होती. धुळं म्हणतं जळगावात आहे, जळगाव म्हणतं धुळ्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. माहेरच्या वहीत ती पाहुणी, सासरच्या वहीत ती गेलेली. काही घडलंच, तर दोन्ही तक्त्यांत शून्य.

तरीही एक शक्यता उरत होती, आणि ती खरी निघावी असं मला मनापासून वाटत होतं. ती घर सोडून गेली असेल. बाळ आईकडे ठेवून कुणाबरोबर पळाली असेल. लाज म्हणून लपवत असतील. असं काही असलं तर मी तोंड शिवून घेतलं असतं.

पारावर बेबाबाई गुडघ्याला तेल लावत बसलेली दिसली. मी शेजारी टेकले.

"मावशी, भाईदास आबा तुमच्या भाऊबंदांतले?"

"मना चुलत दीर."

"कानबाई कशानं राहिली?"

"सूतक पडनं."

"लग्न झालेल्या लेकीचं सूतक तुम्हालाही लागतं?"

"लेक सासरी गयी तं आईबापलेच. तीन दिन. पन बापना उंबऱ्याना आत गयी तं बठ्ठा भाऊबंदले." आणि मग तिला उमगलं, आपण काय बोललो. तेलाची वाटी तशीच राहिली. "मी काही बोलनू नई, माय. मना गुडघा दुखी ऱ्हायना."

५

दुपारी चारला सगळे भाईदास आबांच्या ओट्यावर जमले. मी बोलावलं नव्हतं. एकमेकांवर लक्ष ठेवायला आले होते. नाना खाटेवर, सिस्टर पायरीवर, भटू निंबाखाली अर्धा आड. कुंदनला मी फोन करून धुळ्याहून बोलावून घेतलं होतं. भाईदास आबा तसेच पाठमोरे.

"मी तपासनीस नाही," मी म्हटलं. "मला फक्त माझा साठावा फॉर्म हवाय. पण तो शोधताना जे जुळलं ते सांगते. चुकलं तर थांबवा.

"दिपमाला जूनमध्ये माहेरी आली. नोंदवहीतली सतरावी बाई तीच. उंची तिची आहे, नाव आणि वय नंतर आईचं घातलंय. कानबाईच्या आदल्या दिवशी ती या घरात, या उंबऱ्याच्या आत वारली, म्हणून साऱ्या भाऊबंदांची कानबाई राहिली. आणि त्याच दिवशी गाडी रुग्णाशिवाय अडतीस किलोमीटर फिरून आली."

"मॅडम," नाना खाकरले, "झालं ते झालं. आते तेले उकरीसन काय फायदा? भिंतीवर लिहेल शे. ह्या सिस्टरनी नोकरी जाई. भटूले दोन पोरी शेत."

"आणि आबांना एक उरलीय," मी म्हटलं. "तिला तीन आठवडे राहिलेत, नाना. रक्त कमी आहे. तुमचं शून्य शुक्रवारी तक्त्यात गेलं, की गाडी सोनगीरला गेली. तुम्ही मिळून जे लपवलंय, त्यानंच या पोरीची गाडी चाललीय. मरण जिथं घडलं तिथंच लिहायचं असतं. इथं लिहिलं नाही तर ते कुठेच नाही."

रूपालीनं पदर पोटावर ओढून घेतला.

"फॉर्म कुठाय म्हनतस ना? मग तो कोनी लांबाडा?" नानांनी विषय बदलला. "मी नई बरं."

"तुम्ही नाहीच. तुम्ही तर दुसरा भरून द्यायला निघाला होतात. सिस्टरला आणि भटूला फॉर्म भरला गेल्याचं ठाऊकच नव्हतं. ज्याच्या हातून गेला तो कुलपाचं सांगतोय. कुंदन?"

कुंदनची मान छातीला लागली. "घरात ह्या ताई एकट्या होत्या," तो रूपालीकडे बघून म्हणाला. "विचारलं, वर्षभरात घरात कुणी गेलं का. त्या रडायला लागल्या. नाव सांगितलं, वय सांगितलं. मी लिहिलं. तेवढ्यात मावशी शेतातून आल्या. विचारलं, काय लिखं? मी वाचून दाखवलं. त्यांनी फॉर्म हातातून ओढला आणि आत गेल्या. मला मागायचा धीर झाला नाही, मॅडम. आणि घरच्या बाईनं कागद हिसकला, हे साहेबांना काय सांगू?"

सगळ्यांच्या नजरा पुष्पाबाईंकडे गेल्या. नाना तर कौतुकानंच बघायला लागले. गावाची लाज राखणारी बाई.

मीही इथपर्यंत तेच समजत होते. पण लपवायला ओढलेला कागद माणूस चुलीत घालतो. मी आत जाऊन कोनाड्यातून ते गाठोडं उचललं. खालचा निळा कागद चौघडी घालून ठेवलेला होता, हळदीकुंकवासकट.

"जाळला का नाही, ताई?"

पुष्पाबाईंनी बाळ रूपालीकडे दिलं. म्हणाल्या, "तिना नावना कागद कोठेच नई. दाखला नई, वहीमा नई. वहीमा तं मनं नाव शे, मी जित्ती. हाऊ पोऱ्यानी पहिल्यांदाव तिनं नाव लिखं. कसा जाळू?" मग गाठोड्याकडे बोट केलं. "लेकनी मूठ ऱ्हास नई रोटमा. पन बापना घर उनी व्हती, म्हनीसन मी तिनीबी मूठ टाकेल व्हती त्यामा."

निंबाखाली भटू खाली बसला.

मी फॉर्म उलगडला. दिपमाला, वय २३. मृत्यूचं ठिकाण : राहतं घर. त्यापुढचा रकाना, कारण. तिथे कुंदननं काही लिहिलेलं नव्हतं. मी पेन काढलं.

"काय लिहू?"

"रक्तस्राव," लताबाई सिस्टर पायरीकडे बघत म्हणाली. "लिहा. मी सही करते. मी त्या वहीत खाडाखोड केली, तेही लिहा."

"रक्तस्राव किती वेळ?"

"तीन तास."

"तीन तास गाडी कुठे होती?"

सिस्टरनं नानांकडे पाहिलं. नानांनी भटूकडे. भटूनं मात्र कुणाकडे पाहिलं नाही, तो ओट्यावरच्या त्या पाठीकडे बघत राहिला. तेव्हा मला कळलं, की हे सगळे मला घाबरत नव्हते. नोकरीला, भिंतीलाही नाही. ते सात महिने एका माणसाला सांभाळत होते.

दोर हातातून गळला. भाईदास आबा वळले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मी पाहिला.

"गाडीमा मी व्हतू," ते म्हणाले. "कानबाईना भोंगा आनाले सोनगीरले दुसरी गाडी मिळे ना. सिस्टर नको म्हने. भटू नको म्हने. घरमा पोटुशी लेक शे आबा, आसं म्हने तो." त्यांनी रूपालीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे, मग माझ्या पेनाकडे.

"मी म्हनं, दोन तासमा कोन मरी जास? लिखा, अक्का. आसंच लिखा."